आयाबाईंची म्हातारी माणसं

आमच्या दवाखान्यातल्या आयाबाई रोग्याला काय होतंय हे कधीच विचारत नसत. सकाळी काय खाल्लं आणि ते कोणी रांधलं, एवढंच विचारीत. आणि उत्तर ऐकून त्याला रांगेत पुढे घेत किंवा मागे बसवीत. साठ सालाच्या आधी मी मालवणजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, दवाखाना त्याच चालवतात. पुढेही त्याबद्दल माझी कधी खात्री झाली नाही.

त्यांचं काम झाडलोटीचं आणि सिरिंजा उकळायचं. पण दुपारी त्या कुणाच्या तरी पडवीत सापडायच्या. एखाद्या म्हाताऱ्याची नखं काढताना, एखादीची वेणी घालताना, नाहीतर शेजारणीला पेज पाठवायला बजावताना. मुलं मुंबईला गेलेली अशी कितीतरी घरं गावात होती. "आयाबाई, ही काही दवाखान्याची कामं नव्हेत," मी एकदा म्हणालो.

"मगे कोणी करूची?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

जानकी नावाची एक म्हातारी रोज यायची. आज गुडघा, उद्या डोकं, परवा छातीत धडधड. मी तपासून थकलो. सापडत काहीच नव्हतं. त्यात मिक्श्चर संपत आलेलं. एके दिवशी सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आजी, तुम्हाला काही झालेलं नाही. उगाच येत जाऊ नका." तिने रिकामी बाटली पदराखाली घेतली आणि गेली.

आयाबाई हळूच म्हणाल्या, "डाक्टरांनू, ती औषधाक येणा नाय. तिका कोणीतरी बगूक व्हया."

दवाखाना आजाऱ्यांसाठी असतो, असं काहीतरी मी बोललो.

चौथ्या दिवशी रांग लागलेली असताना त्या आत आल्या. "जानकी तीन दीस येवक नाय. मी बगून येतंय."

"मीच नको म्हटलंय ना!" मी म्हणालो, पण त्या निघाल्याही होत्या. अर्ध्या तासाने शेजारचा माणूस मला बोलवायला धावत आला. जानकी मागच्या दारी, विहिरीकडच्या वाटेवर पडली होती. मांडीचं हाड मोडलेलं, आदल्या दिवसापासून तिथेच. आयाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन ओठांवर पाणी सोडत होत्या. बैलगाडीत गवत पसरून आम्ही तिला मालवणला नेलं. ती वाचली, पण पाय वाकडाच राहिला.

कित्येक दिवस मला आयाबाईंकडे बघवेना. त्या मात्र एवढंच म्हणाल्या, "तुमका कोण सांगतलो? तुमच्या पुस्तकांत आमची म्हातारी माणसा नसतत."

त्यानंतर गावातली सगळी एकटी म्हातारी माणसं रोज सकाळी दवाखान्यात तोंड दाखवून जाऊ लागली. दहा वाजेपर्यंत जो दिसला नाही त्याच्या घरी आयाबाई जात. जानकीकडे तर रोजच. रजिस्टरात आजाराच्या रकान्यात काय भरायचं, हे मला कळेना. "कायव लिवा," आयाबाई म्हणाल्या, "पण नाव लिवा." मी 'अशक्तपणा' लिहीत गेलो. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "या एका गावात इतका अशक्तपणा कसा?" मी म्हणालो, "इथली हवाच तशी आहे, साहेब." त्यांनी सही करून रजिस्टर मिटलं. यात मी चूक करत होतो की काम, हे मलाही सांगता आलं नसतं.

माझी बदली झाली. सात-आठ वर्षांनी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो, तेव्हा आयाबाई शेजारणीच्या ओटीवर बसल्या होत्या. त्यांना आता काही आठवत नव्हतं. पाळीपाळीने चार घरं त्यांना जेवू घालत होती. मी कोण ते तीनदा सांगितलं. "बरा, बरा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा विचारलं, "तू कोणाचो रे?"

दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून मी घड्याळ काढून त्यांची नाडी बघायला मनगट धरलं. त्यांनी दुसरा हात माझ्या हातावर ठेवला आणि थोपटू लागल्या. मोजता मोजता माझा आकडा चुकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकला. मग मी घड्याळ खिशात टाकलं आणि तसाच बसून राहिलो.