दसऱ्याला आम्ही कुठे होतो

कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, हा त्या काळचा नियम. नव्वदच्या दशकात नगरला कोर्टामागच्या गल्लीत मी टायपिंगचं दुकान काढलं, तेव्हा मीही दारात तशी पाटी लावली होती. अर्ज टाइप करून घ्यायला आलेले भले भले वकील बूट काढून मोज्यांनिशी आत यायचे आणि मला मनातून फार बरं वाटायचं. वडील साखर कारखान्यातून रिटायर झाले, तेव्हा हाती आलेलं सगळं त्यांनी त्या यंत्रात घातलं होतं. मी त्याला तान्ह्या पोरासारखं जपायची.

आणि तेच यंत्र श्रावणापासून दगा द्यायला लागलं. अर्ज अर्ध्यावर आला की पडदा काळा. पुन्हा चालू करावं, तर टाइप केलेलं सगळं गायब. समोर पक्षकार तारखेची घाई करत उभा आणि मी नुसती बटणं दाबतेय. एसटीडी बूथवरून पुण्याला कंपनीत फोन लावला की एक बाई गोड आवाजात ‘होल्ड करा’ म्हणायची. मग बराच वेळ नुसतं संगीत. वॉरंटी संपेपर्यंत हे आपल्याला असंच झुलवत ठेवणार, या विचाराने माझी झोप उडाली होती.

दुकानाची खोली ज्यांची, ते वरच्या मजल्यावर राहायचे. रिटायर्ड हेडमास्तर. मी त्यांना काका म्हणायची. रोज चारच्या सुमाराला ते घरचा पाण्याचा तांब्या घेऊन खाली यायचे, मला आणि दुकानात सोबतीला बसणाऱ्या बाबांना पाणी द्यायचे, स्वतः प्यायचे आणि कंपनीला शिव्या घालायचे. त्यांनाही एका टीव्हीवाल्याने असंच रडवलं होतं. “ग्राहकाला हक्क असतात म्हटलं! तू ग्राहक मंचात केस टाक. वकीलही लागत नाही. मी येतो साक्षीला.”

खोली देताना याच काकांनी विचारलं होतं, “तुम्ही मूळचे कुठले?” मी म्हणाले, “राहुरीकडचे.” ते हसून म्हणाले, “आडनावावरून काही कळत नाही हो हल्ली.” मीही हसले. घरी जाताना बाबा एवढंच म्हणाले, “त्यानं इचारलं ते येगळं हुतं, पोरी.” मला ते कळत नव्हतं थोडंच! पण त्याआधी दोन ठिकाणी खोली ‘कालच दुसऱ्याला दिली’ होती.

दसऱ्याला आम्ही दुकानाला कुलूप लावून गेलो. काकांना सांगितलं, मावशी आजारी आहे. परत आलो तर त्यांनी माझ्याही दारावर झेंडूचं तोरण बांधलेलं. टेबलावर गिऱ्हाइकांनी दिलेली आपट्याची पानं पडली. आणि इतके महिने न फिरकलेला कंपनीचा इंजिनिअर नेमका तेव्हाच उगवला. त्याने तोरणाकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं, यंत्राचा डबा उघडलासुद्धा नाही. “पूजा केली ना? आत कुंकू गेलंय. वॉरंटी रद्द.” तो गेला आणि मी रडले. रागाने.

ग्राहक मंचात तारीख लागली. आम्ही तिघं एका रिक्षातून गेलो. कंपनीचा वकील हसत हसत बोलला, “साहेब, दसऱ्याला आपल्याकडे यंत्राची पूजा कोण करत नाही? यांनीही केली, कुंकू टाकलं. यात कंपनीचा काय दोष?”

काका तावातावाने उठले. “अहो, दुकान बंद होतं! खंडेनवमीच्या आधीपासून कुलूप. हिची मावशी आजारी होती.”

“ऐन सणाला यंत्राची पूजा न करता गावाला गेले? कोणाला पटेल हे?”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “बाई, त्या दिवसांत तुम्ही कुठे होता?”

साधा प्रश्न. मावशीचं गाव सांगितलं असतं तर कोणी तपासायला जाणार नव्हतं. पण वकिलाचं म्हणणं त्याने खोडलं जात नव्हतं. आणि खरं सांगितलं, तर यंत्र मिळेल, ते ठेवायचं कुठे? मागे काका माझ्यासाठी छाती काढून उभे होते. शेजारी बाबा खाली बघत बसले होते. ‘तू सांगशील ते,’ असं त्यांनी सकाळीच म्हटलं होतं आणि त्याचंच मला जास्त ओझं झालं होतं.

“नागपूरला,” मी म्हणाले. “दीक्षाभूमीला. आम्ही बौद्ध आहोत. यंत्राची पूजा आमच्या घरात होत नाही.”

वकिलाने फाईल चाळल्यासारखं केलं. बाबांनी मान वर केली. मागे खुर्ची वाजली, काका खाली बसले होते.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, “छान बोललीस हो.” मग बाजारात काम आहे म्हणून दुसऱ्या रिक्षाने गेले.

निकाल आमच्या बाजूने लागला. कंपनीने नवं यंत्र द्यायचं. तोच इंजिनिअर ते घेऊन आला, निमूट बूट काढून आत शिरला. मी मात्र रोज काकांच्या पावलांकडे कान लावून असायची. आज सांगतील खोली सोडा, उद्या सांगतील. त्यांनी तसलं काही सांगितलं नाही. भाडंही वाढवलं नाही.

यंत्र आलं त्या दिवशी चार वाजता काका खाली आले. हातात तांब्या नव्हता, नवा कोरा माठ होता. कोपऱ्यात तिवईवर त्यांनी तो स्वतः नीट बसवला, वर झाकणी ठेवली, तिच्यावर पेला पालथा घातला. “हा तुमचा. तुम्हालाच सोयीचं पडेल,” ते अगदी मायेने म्हणाले, आणि पाणी न पिताच वर गेले.

बाबा माठाकडे बघत राहिले. निकालाचे कागद माझ्या हातातच होते.

“ह्याची तक्रार कुठं द्यायची गं?” त्यांनी विचारलं.

मी कागद फाईलला लावले. दुसऱ्या दिवसापासून पाण्याची बाटली घरून न्यायला लागले.