पाटाच्या वाटेनं आलेली तार

आबा कुठंही गेले की पहिला प्रश्न एकच विचारायचे, "शेवटला कोन शे?" न्हाव्याच्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत, मामलेदार कचेरीच्या पायरीवर, सगळीकडे हाच प्रश्न. शेवटचा कोण ते कळलं की त्याच्या मागं जाऊन उभे राहायचे आणि त्याच्या आधी एक पाऊल पुढं टाकायचे नाहीत. एकदा जळगावला भाचीच्या लग्नाला निघाले होते. नरडाण्याच्या स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीशी ही झुंबड. आबांनी शेवटचा माणूस शोधला, त्याच्या मागं उभे राहिले, आणि मागून येणारे आठ-दहा जण कोपरानं वाट काढत पुढं गेले. गाडी निघून गेली. आबा फलाटावर बसले, भाकरी सोडली आणि सोबतच्या पुतण्याला म्हणाले, "गाडीनी बी बारी ऱ्हास. दुसरी येई." पुतण्या ही गोष्ट सांगताना कपाळावर हात मारायचा. लग्न लागून गेल्यावर हे दोघं पोचले होते.

ही सवय त्यांना पाण्यानं लावली होती. धुळ्याच्या वरच्या अंगाला पांझरेच्या काठी त्यांचं गाव. नदीला जुना बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी बारीनं, म्हणजे आपापल्या पाळीनं, घ्यायचं. कुणाची बारी कधी, ती किती वेळाची, हे ठरवायला गावानं एक माणूस नेमलेला असे. तेवीस वर्षं तो माणूस म्हणजे आबा. त्यांचा सख्खा भाऊ एकदा बारी नसताना पाणी फोडताना सापडला, तर आबांनी त्याची पुढची बारी कापली. वहिनी वर्षभर बोलत नव्हत्या म्हणे. आबांनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही आणि बारीही परत दिली नाही.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती विजेच्या तारेमुळं. दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी धुळ्याच्या वीज कंपनीत नव्यानं ओव्हरसियर लागलो होतो, नोकरी अजून कायम व्हायची होती. शहरात वीज होती, पण ती थोड्याच घरांत आणि महाग. शहराबाहेर एक मोठा जीन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, होता. त्यानं इंजिन सोडून वीज घ्यायचं कबूल केलं. एवढं मोठं गिऱ्हाईक मिळालं की शहरातल्या दिव्यांचाही दर उतरणार होता, त्यामुळं कंपनी खूश आणि गिऱ्हाइकंही खूश. अडचण एवढीच होती की पॉवरहाउस आणि जीन यांच्या मध्ये तेरा शेतकऱ्यांची वावरं पडत होती, सगळी आबांच्या गावची, आणि त्यांत एक आबांचं. कलेक्टरचा हुकूम आणून खांब रोवता आले असते, पण त्याला वेळ लागतो. साहेबांनी मला संमतीचे कागद देऊन पाठवलं. मी मनात म्हटलं, झालं, आता उन्हाळाभर शिव्या खायच्या.

चैत्राचं ऊन. आबा बंधाऱ्यातला गाळ काढणाऱ्यांसोबत गुडघाभर चिखलात उभे होते. मी काठावरून छत्री धरून कंपनीचं म्हणणं सांगितलं. त्यांनी फावडं थांबवलं नाही. सगळं ऐकून म्हणाले, "तार वावरमाईन जास, नि पुढं जास. असंच ना?" मी म्हटलं, हो. "मंग जाऊ द्या. जानारानी वाट अडवानी नही."

मला कानांवर विश्वास बसेना. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बाकीच्या बारा जणांना चावडीवर बसवलं आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन दिले. बाभळी तोडाव्या लागणार होत्या, त्यांच्या भरपाईचा कागद मी पुढं केला तर त्यांनी तो परत केला. "पाट कोनाबी वावरमाईन जास. त्याना पैसा कोन लेस?" बाराही जणांनी माना डोलावल्या. फक्त एकच वस्तादी त्यांनी केली. एक खांब, त्याला तोलून धरणाऱ्या ताणाच्या तारेसकट, शेताच्या अशा टोकाला येत होता जिथं वखराचे बैल वळतात. आबांनी मला तिथं नेलं, बैलजोडी जुंपून वळवून दाखवली आणि म्हणाले, "तुम्हना खड्डा दोन हात, पन त्यानी तान बैलस्नं इतलं वावर खाई." मी खांब बांधावर सरकवला. त्या दिवशी मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

निघताना त्यांनी विचारलं, "भाऊ, आम्हनी बारी कवय येई?"

मी सायकलवर टांग टाकत होतो. ऊन डोक्यात गेलं होतं आणि तेरा सह्या खिशात होत्या. हसून म्हणालो, "येईल आबा, येईल."

तो शब्द मी विचार न करता बोललो, हे खरं. पण त्यांनी काय विचारलं ते मला कळलं नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही. पाट ज्याच्या शेतातून जातो त्याला पाणी मिळतं, हा त्या गावचा जन्मापासूनचा हिशेब होता. वाट फुकट द्यायची, कारण वाट देणाऱ्याची बारी ठरलेली. पाटाच्या वर चढाची जमीन होती, तिथं पाणी चढत नसे. तिथल्या त्यांच्या विहिरींवर बैल मोट ओढून ओढून खंगत. तेराही जणांनी त्या विहिरींवर मोटर बसलेली डोळ्यांपुढं आणली होती. सहीसाठी पेन हातात धरताना ते मोटरचंच बोलत होते. मी तिथंच बसून चहा पीत होतो.

पावसाळ्यानंतर खांब उभे राहिले. ओढून न्यायला बैल आबांनीच दिले. दिवाळीच्या आत जीन विजेवर चालू लागला आणि शहरातला दर उतरला. माझ्या घरी तोवर एकच दिवा होता, आता स्वयंपाकघरातही लागला. बायकोनं शेजारणींना बोलावून तव्यावरची पोळी उजेडात दाखवली. मीही ऐटीत बटण खालीवर केलं.

देवदिवाळी झाली आणि आबा गावातल्या चौघांना घेऊन कंपनीच्या कचेरीत आले. धुतलेलं धोतर, नवा फेटा. आत आल्यावर त्यांनी शेवटला कोण ते विचारलं आणि बाकावर बसले. त्यांचा नंबर लागला तेव्हा मी साहेबांच्या टेबलाशीच बसलो होतो. ते साहेबांना म्हणाले, "आम्हनी बारी उनी का ते इचाराले उनूत."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी नीट समजावलं. ही तार जोराच्या दाबाची आहे, तिच्यातून मधेच वीज काढता येत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं. शिवाय कंपनीचा परवाना नगरपालिकेच्या हद्दीपुरता आहे आणि तुमची वावरं हद्दीबाहेर.

"जीन बी हद्दबाहेर शे ना?" आबांनी विचारलं.

"जीनसाठी सरकारची खास परवानगी काढली. तो रात्रंदिवस वीज घेतो. तुम्ही वर्षातून चार महिने घेणार. तेवढ्यासाठी परवानगी कोण काढील?"

आबा माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "भाऊ, तुम्हीन सांगं व्हतं ना, येई म्हनीसन?"

साहेबांनी चष्मा काढला. "काय हो, असं वचन दिलंत तुम्ही?"

नोकरी कायम व्हायचा कागद त्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. मी म्हणालो, "नाही साहेब. असं काही बोलल्याचं मला आठवत नाही."

ते चौघं आबांकडे पाहू लागले. तेवीस वर्षांत आबांनी कुणाला खोटी बारी सांगितली नव्हती, आणि या तारेची बारी आबांनीच त्यांना सांगितली होती. आबांनी मान खाली घातली. "मंग मीच चुकनू व्हसू," एवढंच म्हणाले आणि रामराम घालून निघाले. मी टेबलावरचे कागद लावत बसलो. संध्याकाळी माझा कागद सही होऊन आला.

दर आठवड्याला तारेखालून पायी फिरून खांब तपासायचं काम माझ्याकडे होतं. त्या वर्षी गव्हाचा फड होता. पौषात नजर जाईल तिथवर हिरवंगार, आणि त्या हिरव्याच्या मधोमध एकच पट्टा पिवळा पडत चाललेला. मला वाटलं कीड असेल. पाटकऱ्याला, म्हणजे बारीप्रमाणं पाणी सोडणाऱ्या गड्याला, विचारलं. तो माझ्याकडं न बघता बोलला, "ते आबानं वावर शे. त्यास्नी बारी सोडी दिन्ही."

हळूहळू त्यानं सांगितलं. कचेरीतून परतल्यावर आबा चावडीवर उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या सांगण्यावरून तुम्ही वाट दिलीत, भरपाई सोडलीत, चूक माझी. फडाला ज्याच्यामुळं तोशीस पडली त्यानं त्या हंगामाची आपली बारी सोडायची, असा गावचा रिवाज. आजवर ती शिक्षा दुसऱ्यांना आबांनी दिली होती, आता स्वतःला घेतली. बारी ठरवायचं कामही त्यांनी खाली ठेवलं. गावानं ते उचलून पुतण्याला दिलं. कुणी नको म्हटलं नाही. ज्याच्या वावरात दोन खांब आले होते, तो तर आबांशी बोलतच नव्हता.

मी तीन आठवडे त्या पट्ट्याशेजारून गेलो. चौथ्या आठवड्यात आबा बांधावर बसलेले दिसले. गहू कंबरेला यायचा तो गुडघ्याशी अडला होता, आणि ओंब्या पोचट. मी सायकल टाकली आणि म्हणालो, "आबा, मी बोललो होतो. येईल असं मीच म्हणालो होतो."

"माले माहीत शे."

"मग तिथं साहेबांपुढं का नाही बोललात?"

"तुम्हनी नोकरी व्हती, भाऊ," आबा म्हणाले. "पोरंबाळंस्वाला मानूस. मी काय सांगू?"

मला रडू आलं. मोठ्या माणसानं भर दुपारी शेताच्या बांधावर रडावं याची लाजही वाटली, पण थांबवता येईना. आबांनी पाण्याचं तांबडं मडकं पुढं सरकवलं. चूळ भरा म्हणाले.

त्याच दिवशी मी चावडीवर गेलो. लोकं जमेपर्यंत बसून राहिलो आणि तेराच्या तेरा घरांपुढं सांगितलं की आबांनी जे ऐकलं ते मी बोललो होतो आणि कचेरीत मी खोटं बोललो. कुणी मारलं असतं तरी बरं वाटलं असतं. एकजण थुंकला, तेवढंच. दुसऱ्या दिवशी साहेबांना तेच लेखी दिलं. साहेबांनी वाचून सांगितलं की ओव्हरसियरच्या तोंडच्या शब्दानं कंपनी बांधली जात नाही, परवान्याची हद्द आहे तीच राहील, आणि तुम्ही मात्र दुसरीकडे नोकरी बघा. ते त्यांच्या जागी बरोबर होते. मला जळगावला एका डाळीच्या गिरणीत काम मिळालं. पुढं लढाई आली, तांब्याची तार मिळेनाशी झाली, परवान्यांचं नाव कुणी काढेना. गोरे गेले त्या वर्षापर्यंत तरी त्या विहिरींवर मोटच चालू होती. आबा त्याच्या दोन वर्षं आधीच गेले. मला ते महिन्यानं कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जळगावला जायच्या आदल्या सकाळी, निरोप घ्यायला गेलो तेव्हा. ते घरी नव्हते, वावरात होते. माझ्या चावडीवरच्या कबुलीनंतर तेरा घरं पुन्हा बसली होती. ज्याच्या शेतात दोन खांब होते तोच उठून म्हणाला होता, "उद्या पहिली बारी आबानी." पुतण्यानं बारीचं काम परत त्यांच्या हाती दिलं होतं. पाटाचं तोंड त्यांच्या वावराकडं वळवलेलं होतं. बांधावर दहा-बाराजण नुसतेच उभे होते. आबा धोतर खोचून फावडं घेऊन वाफ्याला दार धरत होते.

गव्हाला आता पाणी लागू होण्यासारखं नव्हतं. ओंब्या वाळून गेल्या होत्या, एक दाणा भरणार नव्हता. हे मला कळत होतं, तर तिथं उभ्या असलेल्या कुणब्यांना कळत नसेल? मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "आबा, यात आता काही नाही. पाणी फुकट जातंय. पुढच्याला सोडा ना."

आबांनी वर पाहिलं नाही. "त्यास्नी दिन्हं, भाऊ. नही कसं म्हनू?"

वाफा भरला तसं त्यांनी दार बुजवलं आणि पुढचं फोडलं. वाळलेल्या गव्हाचा एकेक वाफा ते कोपऱ्यापर्यंत भरत गेले, आणि बांधावरची माणसं शेवटचा वाफा भरेपर्यंत हलली नाहीत.