उभी खाच

भोईर मॅडम वर्गात शिरण्याआधी खिडकीच्या कोपऱ्यातली कोळ्याची जाळी पाहून घेत. शिपायाने झाडू उचलला की म्हणत, "थांब रे, तिचा संसार मोडू नको." प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या खारबावच्या बाईंचा कोळ्यांवर फार जीव. मी शेजारच्या खोलीत वनस्पतिशास्त्र शिकवायचो. माझ्या कुंड्यांकडे मात्र त्या ढुंकूनही बघत नसत.

जीभ तिखट. कुणी चुकलं की, "डोळे हायत का बटनं?" मुलं हसत, चुकणाराही हसे. जागृती नावाची विद्यार्थिनी मात्र हसली नव्हती. गणेशपुरीकडच्या भातशेतातून तिने एक तपकिरी कोळी आणला होता. मॅडमनी लांबूनच 'अ‍ॅरेनियस' म्हणून सांगून टाकलं. जागृती म्हणाली, "मॅडम, ही निओस्कोना वाटते. पाठीवरची खाच उभी आहे." कोळ्यांचे हे दोन प्रकार सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, जाळंही तसंच गोल. फरक डोक्यामागच्या त्या बारीक खाचेचा: निओस्कोनाची उभी, अ‍ॅरेनियसची आडवी. मॅडम भिंगाकडे वळल्यादेखील नाहीत. "काल आली न् आज मला शिकवते?" म्हणून हसल्या. वर्गही हसला. पुढच्या वर्षी जागृतीने विषयच सोडला.

निवृत्तीआधी मॅडम नमुन्यांच्या जुन्या बाटल्या तपासायला बसल्या. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "सर, जरा बघा, उभी हाय ना?" बाटलीवर जागृतीचं नाव होतं; सूक्ष्मदर्शकाखाली तिने आणलेलाच कोळी होता आणि खाच सरळ उभी होती. मी समजूत घातली, "जाऊ द्या, आता कोणाला आठवतंय?"

"मला आठवतंय ना. लाज वाटते हो सर," त्या म्हणाल्या. तोंड एवढंसं झालं होतं.

जागृती मानकोलीच्या एका गोदामात कामाला आहे असं कळलं. मॅडमनी मला सोबत घेतलं. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ती फाटकाशी भेटली. मॅडमनी सगळ्यांदेखत हात जोडले. "तुझं बरोबर होतं गो. उभीच खाच हाय."

"हात नका जोडू मॅडम, लोक बघतात." जागृती ओशाळली. "मला माहीत होतं ते. तेव्हाच परत भिंगातून बघितलं होतं मी."

"मग बोलली का न्हाय?"

"तुम्ही हसलात ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आतून कुणीतरी हाक मारली, तशी ती गेली. मॅडम रिक्षात बसल्या. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "सर, मी माफी खाचेची मागितली."