मंदाताईनं ओढलेला धागा

वर्कशॉपात ट्रॉलीला वेल्डिंग मारत होतो, तेव्हा भाचीचा फोन आला. "मामा, आई गेली..." तीन आठवडे झाले, पण मंदाताईवरचा माझा राग काही जात नाही. एवढी कसली घाई होती, बये?

मंदाताई माझी थोरली चुलत बहीण. रसायनशास्त्र शिकलेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याची नोकरी सोडून ती घोडेगावात परत आली आणि जवळच्या साखर कारखान्याकडं तिनं एक रिकामं गोदाम मागितलं. उसाची मळी आंबवून लॅक्टिक ॲसिड करायचं आणि त्यापासून कुजणारं प्लॅस्टिक. "दह्याला आंबटपणा आणतं ना रे, तेच," ती मला सांगायची. पण ॲसिडचं थेट प्लॅस्टिक होत नाही. मधे लॅक्टाइड नावाचे पांढरे खडे करावे लागतात, दिसायला खडीसाखरेसारखे. संचालकांनी बजावलं होतं, की गाळप हंगाम संपेपर्यंत प्लॅस्टिक दाखवा, नाहीतर गोदामाला कुलूप. कधी खडे पिवळे पडले, कधी झालेच नाहीत. महिनोन् महिने खपून अखेर बरणीभर पांढरेशुभ्र खडे जमले. ते वितळवायचं स्टीलचं भांडं मी बनवलं होतं, आणि त्याचा मला लई गर्व!

खडे भांड्यात पडले, ताई वजनाची वही आणायला वळली आणि मी भांड्याच्या काठावर नारळ फोडला. आमच्याकडं मोटर असो की ट्रॉली, नारळाशिवाय काही सुरू होत नाही. पाण्याची धार सरळ आत. लॅक्टाइडला ओलावा चालत नाही, हे तिनं मला शंभरदा सांगितलेलं. पण हे देवाचं पाणी, असं माझ्या डोक्यात असणार!

"बाळू, काय केलंस रे हे?"

"नवं मशीन हाय ताई... नारळ नको का फोडायला?"

तरी तिनं ते तापवून पाहिलं. काकवीसारखा चिकट राडा झाला. ताई स्टुलावर बसली आणि वहीतलं वजन खोडत राहिली. तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी घरी जाऊन जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी तीच वर्कशॉपात आली. "बरणीत मूठभर खडे उरलेत. हंगामाचे आठ दिवस राहिलेत. भांडं ठणठणीत कोरडं कर. आणि पूजा करायचीच असेल तर सुक्या खोबऱ्यानं कर."

मी ते भांडं तीन दिवस तापवलं, पुसलं, परत तापवलं. संचालक आले त्या सकाळी ताईनं उरलेले खडे वितळवलेल्या भांड्याचं झाकण उघडलं, काचेची कांडी बुडवून वर ओढली आणि धागा निघाला... दाराकडं चालत गेली तरी तुटेना! अध्यक्षांनी तो बोटाला गुंडाळून ओढून पाहिला. "अवो ताई, हे तर प्लॅस्टिकच हाय की!" मी कारखान्याचा भोंगा वाजवायलाच निघालो होतो, लोकांनी धरलं.

"कुजतं का पण?" एकानं खोडा घातलाच. ताईनं त्या धाग्याची जाळी विणली आणि माझ्या गोठ्यामागच्या उकिरड्यात पुरली. आतून वाफा निघणारा, चांगला गरम उकिरडा. पावसाळा उलटल्यावर तेच संचालक नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि साडी खोचून ताईनं स्वतः फावडं मारलं. चाळून चाळून पाहिलं. शेण, पालापाचोळा, गांडुळं.

"काहीच सापडत नाही!" ती ओरडली आणि शेणानं माखलेल्या हातांनी टाळ्या पिटायला लागली. कुलूप टळलं. ते गोदाम आजही चालू आहे, तिथं तिनं शिकवलेल्या चार मुली काम करतात.

तिच्या दहाव्याहून आलो आणि कुणाला न सांगता गोठ्यामागं गेलो. उगाच फावडं मारत राहिलो... बायकोनं विचारलं, "काय शोधताय?" म्हटलं, "ताईचं प्लॅस्टिक. नाय सापडत." आणि मला इतकं हसू आलं, की रडूच फुटलं.