हिरव्या कपड्यांतली वीरांगना

मुलगी म्हणाली, "आई, असली कोणी नव्हतीच. तू बनवून सांगतेस." असला आरोप मी ऐकून घेत नाही. बोईसरच्या शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवतेय; पोरांनी एक ओळ गाळली तरी धडा पहिल्यापासून वाचायला लावते. तेव्हा पुरावा आणायचाच, असं ठरवलं.

ती म्हणजे एका जुन्या हिंदी चित्रकथेतली वीरांगना. हिरवे कपडे, कपाळावर चांदणी. आमचं घर तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीत. मागच्या खोलीत कारखान्यात जाणारे भाडेकरू होते. ते खोली सोडताना चित्रकथांचा गठ्ठा टाकून गेले. मी तेव्हा पाच वर्षांची, ताई तेरा. बोंबील वाळत घालून झाले की ती पडवीत बसायची आणि मला मांडीवर घेऊन आमच्या बोलीत वाचून दाखवायची. वीरांगना तळहात पुढे करून लाटा थोपवायची, बुडत्या होड्या एकटीने ओढून आणायची. सोबत एक दांडगा नायक होता, पण ताईच्या लेखी तो हमालीपुरताच. मला वाचता यायला लागलं तोवर गठ्ठा चुलीत गेला होता. पुढे कुणालाच ही बाई आठवत नाही असं दिसलं, तेव्हा मला लोकांचाच राग आला.

महिनाभर मोबाइलवर शोधल्यावर जुनी पुस्तकं विकणाऱ्या एकाकडे तो अंक सापडला. मुखपृष्ठावर ती नव्हतीच. मी शिस्तीत पहिल्या पानापासून वाचला. ती सातव्या पानावर येते, आठव्यावर पकडली जाते आणि जवळजवळ शेवटपर्यंत खांबाला बांधलेली राहते. एकूण बोलते तीनदा, तिन्ही वेळा 'बचाओ'. होड्या तो दांडगाच ओढतो. मुलीने अंक चाळून परत दिला. हसली नाही, एवढीच तिची मेहेरबानी.

रविवारी मी अंक घेऊन तणतणत ताईकडे गेले. ती वाळूत उभी राहून बोंबलांच्या जोड्या बांबूच्या दांडीवर अडकवत होती.

"काय वाट्टेल ते सांगितलंस गं मला," मी म्हणाले. "इथे लिहिलंय एक आणि तू वाचलंस भलतंच."

"मला वाचाया कुठं येतं?" ती म्हणाली. "चित्रं बघून सांगायची. तुला म्हाईत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. चौथीपर्यंत तरी गेली असेल, असं मी धरून चालले होते. लग्नपत्रिका आली की ती माझ्यापुढे सरकवायची आणि मी मोठ्या ऐटीत वाचायचे. माझ्या लांबलचक मेसेजवर तिचा नुसता अंगठा यायचा, त्यावर मी रुसायचे. ती इथे मासळीत उभी राहिली म्हणून मी शाळेत गेले, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यापुढचं मी विचारलंच नाही. मला माझी लाज वाटली.

"पण चित्रातसुद्धा ती बांधलेलीच आहे," मी कसंबसं म्हणाले.

"ते दिसत होतं की. तू रोज मांडीवर बसून बघायचीस. तुला काय सांगायचं, ती सुटतच नाय?"

मग तिने पदराला हात पुसले. "आता खरं काय लिवलंय ते वाच."

मी आठवं पान उघडलं आणि अक्षर न् अक्षर वाचलं. तिन्ही 'बचाओ' वाचले. ताई ऐकता ऐकता पुन्हा बोंबील अडकवायला लागली.

"मंग?"

"मग तो येतो आणि तिला सोडवतो."

"आनी तो आला नाय तर?"

मी पुढे वाचलं नाही. ताईसाठी कोणीच आलं नव्हतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना वाचायला शिकवणारी मीसुद्धा नाही.