दुसऱ्या दिवशीची वाम

आमच्या ओसाकात एखाद्या बाईला म्हणा, "छान आहे हो ब्लाउज," तर ती लाजत वगैरे नाही. लगेच विचारते, "कितीचा असेल, सांगा बघू?" आपण मुद्दाम जास्त आकडा सांगायचा. मग ती खरा भाव सांगते आणि दोघी खूश होतात. तोक्योची माणसं महाग वस्तू घेतली की मिरवतात, आम्ही स्वस्तात घेतली की मिरवतो. मिनेको काजितानी ही बाई या बाबतीत आमच्या अख्ख्या मोहल्ल्याची गुरू होती.

मी याओ स्टेशनच्या मागच्या सुपरमार्केटात मासळी विभागात काम करते. पाकिटं बांधायची, मांडायची आणि संध्याकाळी उरलेल्या मालावर अर्ध्या भावाचं स्टिकर लावायचं. हे शेवटचं काम वाटतं तितकं साधं नाही. मी स्टिकरचं यंत्र घेऊन बाहेर आले की आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम सुकवलेल्या शेवाळाच्या पाकिटांत रस वाटू लागतो. माझ्याकडे कोणी बघत नाही, आणि सगळ्यांचं लक्ष माझ्याकडेच असतं. काही निर्लज्ज तर दुपारपासून पाकीट टोपलीत घालून दुकानभर हिंडतात आणि वेळ झाली की माझ्या नाकासमोर धरतात, "ताई, एवढं राहिलं बघा." अशांना मी मुद्दाम ताटकळत ठेवते. साठी उलटली माझी, पण माझा राग काही म्हातारा झालेला नाही.

मिनेको-सान तसलं कधी करायच्या नाहीत. मुळ्यांच्या ढिगापाशी उभ्या राहायच्या. मी स्टिकर लावून पुढे सरकले की यायच्या, मला मान लववायच्या आणि एकच पाकीट उचलायच्या. अधाशीपणा नाही, धक्काबुक्की नाही. घरीही तीच शिस्त. टोफू शेवटच्या तारखेचा, मुळ्याचा पाला मीठ लावून भाताबरोबर, पावाच्या कापलेल्या कडा बेकरीतून जवळजवळ फुकट आणून तेलात तळून साखरेत घोळवायच्या. एकदा मला दिल्या होत्या. वाईट गोष्ट ही, की फार चांगल्या लागल्या.

नवरा तोकुजी-सान, शेजारच्या वर्कशॉपात आयुष्यभर लेथवर स्क्रू काढलेला माणूस. तो बायकोच्याही वरताण. मंगळवारी आमच्याकडे अंडी स्वस्त असतात, पण एका माणसाला एकच पाकीट. मग ही दोघं दोन वेगळ्या रांगांत उभी राहायची आणि एकमेकांना ओळखच दाखवायची नाहीत. तोकुजी-सान पलीकडच्या रांगेतून मोठ्यानं विचारायचे, "काय बाई, आज उकडतंय नाही?" ही म्हणायची, "अनोळखी बायकांशी बोलू नये हो आजोबा." काउंटरवरची मुलगी हसून हसून बेजार. एका घरातली दोन माणसं दोन पाकिटं घेऊ शकतात, हे तिनं कितीदा सांगितलं. ऐकतंय कोण? सरळ घेतलं तर मजा काय राहिली?

आता वाम माशाचं सांगते. ऐन उन्हाळ्यात पंचांगातला बैलाचा दिवस येतो आणि त्या दिवशी सगळा देश भाजलेली वाम खातो. उन्हाळा बाधत नाही म्हणतात. दुकानात सकाळपासून सॉसचा गोड जळका वास, कर्ण्यावर गाणं, आणि भाव असा की पाकीट उचलताना हात कापावा. आमचे मॅनेजर त्या दिवशी वामीला स्टिकर लावू देत नाहीत. दुकान बंद होईपर्यंत नाही. उरलेली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ध्या भावात. काजितानींच्या घरी बैलाचा दिवस म्हणून कायम एक दिवस उशिरा यायचा. लग्न झाल्यापासून. तोकुजी-सान म्हणायचे, "आजची वाम येड्यांसाठी, उद्याची शहाण्यांसाठी. वामीला कुठं कळतंय आज कुठला दिवस आहे?"

यंदा वसंतात तोकुजी-सानच्या पोटात गाठ निघाली. उशीर झाला होता. जूनअखेरीस इस्पितळानं घरी पाठवलं. मिनेको-सान एकट्या यायला लागल्या, कलिंगडाचा छोटा तुकडा नाहीतर मऊ टोफू घ्यायला. कसे आहेत विचारलं की म्हणायच्या, "आहेत." आवाज सपाट, इस्त्री केलेला. एक दिवस सांगितलं, "काही मागत नाहीत हो. मी विचारते, ते मान हलवतात. डॉक्टर म्हणाले, जे मागतील ते द्या. मागायला तर पाहिजे ना."

बैलाच्या दिवशी दुपारी त्या आल्या तेव्हा मी वामीची नवी रास लावत होते. सरळ माझ्याजवळ आल्या.

"निशिवाकी-सान, ते म्हणाले वाम खायचीय."

"अगंबाई! मग?"

"तीन आठवड्यांत पहिल्यांदा काही मागितलं."

मी राशीतलं सगळ्यात चांगलं, जाड पाकीट काढून त्यांच्या टोपलीत ठेवलं. त्यांनी ते घेतलं, दुकानात एक फेरी मारली आणि परत येऊन होतं तिथे ठेवून दिलं. कोपरे जुळवून, नीट.

"काय झालं?"

"उद्या येते."

माझं डोकंच फिरलं. "अहो, काय माणूस आहात का कोण! घरी नवरा मरायला टेकलाय आणि तुम्ही भाव बघताय? पैसे नसतील तर मी घालते. परत नका देऊ."

आजूबाजूच्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. मिनेको-सान रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पैसे आहेत," त्या म्हणाल्या. "पैसे नाहीत असं कुठाय? आयुष्यभर साठवलेतच की. पण आज नेली तर त्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की मी उद्यापर्यंत थांबले नाही."

 मग म्हटलं, "सांगा ना, अर्ध्यात मिळाली म्हणून."

"ते स्टिकर बघतात. आधी स्टिकर, मग मासा."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "मी देते एक स्टिकर. घरी जाऊन चिकटवा." नोकरी गेली असती माझी. खरंच देणार होते.

तेव्हा मात्र त्या हसल्या. "बैलाच्या दिवशी, दुपारी, अर्ध्या भावात वाम? निशिवाकी-सान, तो माणूस पोटानं आजारी आहे, डोक्यानं नाही. ओसाकातलं शेंबडं पोरसुद्धा फसायचं नाही." मग म्हणाल्या, "निघताना त्यांनी आवाज दिला. 'आज आणू नकोस हं, उद्या आण,' म्हणाले. उद्या म्हणाले. मी कशी आज नेऊ?"

 बरोबर होतं का चूक, मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. त्यांनी मऊ टोफू घेतला, पूर्ण भावाचा, तेवढा मात्र घेतला, आणि गेल्या. त्या संध्याकाळी वाम भरपूर उरली. मी मुद्दाम दोन चांगली पाकिटं मागच्या फ्रिजमध्ये तळाला ठेवली, सकाळच्या गिऱ्हाइकांच्या हाती लागू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी स्टिकरचं यंत्र घेऊन बाहेर आले. शेवाळापाशी नेहमीची टोळी होती. मुळ्यांपाशी मिनेको-सान होत्या, पांढरा ब्लाउज घालून. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी बाकी सगळं सोडून मागच्या फ्रिजमधलं जाड पाकीट आणलं, त्यावर ठसकन स्टिकर लावलं आणि रीतभात सोडून त्यांना हाक मारली, "या हो, या! शहाण्यांची वाम!"

त्या आल्या. मान लववली. पाकीट घेतलं आणि टोपलीत ठेवलं.

"काय म्हणतात साहेब? भूक आहे ना?"

"सकाळी गेले," त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं इस्पितळात गेले.

"चहा करून आणला तर गेलेले होते. आता नणंद आलीय. घरात माणसं बसलीत. अंत्यविधीवाले बर्फ ठेवून गेले. मी म्हटलं, जरा येते." त्यांनी टोपलीकडे पाहिलं. "कशाला आले, कळत नाही. वेळ झाली तसे पाय निघाले."

मी यंत्र हातात धरून तशीच उभी. सुतकाच्या घरात मासा नेत नाहीत, हे माझ्या मनात आलं. असल्या वेळी असलंच काहीतरी मनात येतं. मी त्यांच्या दंडाला हात लावला, तो थंड होता. दुकानातल्या गारव्यानंही असेल.

"रडू येत नाही," त्या म्हणाल्या. "नणंद रडते. मी तिला रुमाल देते."

"येईल नंतर."

"ते येईल हो." त्या माझ्या जवळ सरकल्या. मागच्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला. लाजेनं त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत त्यांना लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं. "पण तुम्ही आत्ता यावर स्टिकर लावलंत ना, तेव्हा मला बरं वाटलं. रोज वाटतं तसंच. नवरा घरात बर्फावर आहे, आणि मला बरं वाटलं, निशिवाकी-सान."

 मागे माणसं खोळंबली होती. मी पुढचं पाकीट घेतलं आणि स्टिकर लावलं.