पोकळ खांब आणि निळीच्या दोन पुड्या

बाहेरून खिडक्या तीन. आतून दोन.

मी धावत खाली उतरलो, रस्त्यावर उभं राहून बोटानं पुन्हा मोजल्या. तीनच. पुन्हा वर गेलो. दोनच!

"मास्तर," मी धापा टाकत म्हटलं, "तुमच्या घरात एक बंद खोली आहे! कुणाला माहीत नसलेली!"

साळवे मास्तरांनी शांतपणे चष्मा पुसला. "बारा वर्षं राहतोय इथं. आधी सांगितलं असतंत तर पाहुण्यांना दिली असती."

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी नाशिकला दामले साहेबांच्या आर्किटेक्ट ऑफिसात असिस्टंट होतो. म्हणजे टेप धरायची, मापं लिहायची आणि चुकलं की ऐकून घ्यायचं. काम होतं देवळाली कॅम्पातलं. इंग्रजांच्या काळातली दुमजली रांग, पाच घरं एकमेकांना चिकटलेली, दर दोन घरांत एकच सामाईक भिंत. समोर दोन मजले उंच, गोल, गुळगुळीत खांब, जुन्या कोर्टाला असतात तसे. मधल्या घराच्या माथ्यावर भला मोठा त्रिकोण. रस्त्यावरून बघितलं तर पाच घरं नाहीत, एकच राजवाडा वाटावा.

ते मधलं घर साळवे मास्तरांचं. त्याच्या दर्शनी भिंतीला तडा गेला होता आणि पाऊस संपून महिना झाला तरी भिंत आतून ओली होती. शेजारच्या सुभेदार भोसल्यांनी अर्ज केला, की हे घर पडलं तर आमचंही घेऊन पडेल. मग कँटोन्मेंटच्या कचेरीची नोटीस आली. पंधरा दिवसांत घर सुरक्षित असल्याचा रिपोर्ट द्या, नाहीतर पाडून टाकू. त्यातले दहा दिवस संपले होते.

साहेबांचं म्हणणं सोपं होतं. पाया खचला असेल तर इलाज नाही. नुसतं पाणी मुरत असेल तर घर वाचेल. आणि हे शोधायला पाठवलेला मी खजिन्याच्या मागे लागलो होतो. बाजारातून फोन करून साहेबांना बोलावून घेतलं. ते स्कूटरवरून आले, तेही जेवण अर्धवट टाकून.

"जाधव, आतलं माप दाखव."

मी वही पुढे केली.

"यात जिना कुठाय?"

जिना नव्हता. मी ज्या जिन्यानं सकाळपासून वीस वेळा वर-खाली केलं, तोच मोजायचा राहिला होता.

तिसरी खिडकी बरोबर जिन्याच्या भिंतीवर होती. बाहेरून चौकट, झडपा, सगळं साग्रसंगीत. मागे नुसत्या विटा. साहेबांनी समजावलं, "या पद्धतीच्या बांधकामात डावं-उजवं सारखं हवं म्हणजे हवंच. इकडे खिडकी, तर तिकडेही खिडकी. मागे खोली नसेल तर खोटी लावायची."

सुभेदार व्हरांड्याच्या कठड्याला टेकून मजा बघत होते. "काय साहेब, घावला का हंडा?"

मी मान खाली घालून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो. तिथून रांगेकडे बघता बघता एकदम लक्षात आलं. कौलं छपरापुढच्या उंच कठड्याआड लपवलेली होती, म्हणजे पावसाचं पाणी कठड्यामागच्या पन्हळीत येणार. तिथून खाली कुठून उतरतं? दर्शनी भागावर एकही पाइप नव्हता! जे लोक शोभेसाठी खिडकी खोटी लावतात, ते पाइप उघड्यावर कसा ठेवतील?

मी धावत आलो आणि टेपच्या डबीनं एकेक खांब ठोकायला लागलो.

"आता खांबात हंडा हाय व्हय?" सुभेदार म्हणाले.

पाच खांब भरीव. मास्तर आणि सुभेदार यांच्या सामाईक भिंतीवरचा, डावीकडचा मात्र वरून पोकळ वाजला आणि खालून भरीव.

"साहेब! खांबात पाइप आहे! खाली तुंबलाय!"

या वेळी साहेबांनी वही मागितली नाही. "पाया खचलाय का ते मी लेव्हल ट्यूबनं, पाण्याच्या नळीनं बघतो. तू वरून रंगीत पाणी सोड."

रंग कुठून आणायचा? मास्तरांच्या पत्नी, माई, आतून निळीच्या दोन पुड्या घेऊन आल्या. "एवढी पुरेल? यांचे सदरे मग पिवळेच राहू देत."

मी कौलांवर चढून पन्हळीत निळं पाणी ओतलं आणि उड्या मारतच खाली आलो. सगळे मास्तरांच्या ओल्या भिंतीसमोर बसलो. पाच मिनिटं. दहा. पंधरा. काही नाही. माई म्हणाल्या, "चहा टाकते." तेवढ्यात शेजारून आरोळी आली.

"ओ साहेब! माझी भिंत निळी व्हायला लागली! आत्ताच रंग दिलाय नवा!"

आम्ही धावलो. सुभेदारांच्या पोपटी भिंतीवर निळा ओघळ सरळ रेषेत उतरत होता. परत येईपर्यंत मास्तरांच्या भिंतीवरही निळा डाग उमटला. मी टाळ्या पिटल्या. सुभेदारांना ते आवडलं नाही.

"हे मास्तरांचंच पाणी हाय."

"दोघांचं," साहेब म्हणाले. "पन्हळ एक, खांब एक, पाइप फुटलेला. आणि पाया एका पातळीत आहे, केसाचाही फरक नाही."

मास्तर हळूच म्हणाले, "सुभेदार, आता अर्ज कुणाच्या घरावर करायचा?"

सुभेदारांनी निळ्या डागावर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "माझ्याकडं लांब शिडी हाय. आणू का?"

रिपोर्ट मुदतीआधी गेला. कचेरीतून इंजिनिअर आले, निळे ओघळ बघितले, पायाची लेव्हल पुन्हा घेतली आणि नोटीस मागे घेतली. खांबातला फुटका पाइप कायमचा बंद करून आम्ही बाहेरून नवा बिडाचा पाइप लावला आणि तडा चुन्यानं बुजवला.

काम संपलं त्या दिवशी मास्तर रस्त्यावर उभे राहून घराकडे बघत होते. "सगळं छान झालं हो. पण जाधव, एकाच बाजूला पाइप... बरं नाही दिसत."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी उजव्या खांबालगत दुसरा पाइप लावून घेतला.

घरी ही गोष्ट सांगितली की मुलं अजून विचारतात, "बाबा, खजिना मिळाला?" बायको सांगते, की लग्नाच्या हॉलमध्येही हे आधी खांब ठोकतात आणि मग आहेर देतात. मी एवढंच शिकलो, की दुसऱ्याच्या घरात बंद खोली शोधण्याआधी जिना मोजावा.

उजवीकडचा तो पाइप कुठून येत नाही, कुठे जात नाही. इतक्या वर्षांत तो एकदाही तुंबलेला नाही. माझ्या हातून झालेलं तेवढं एकच काम बिनतक्रार आहे.